बेचाळिसावा आवाज

"सुटला बघा वास," सुमन म्हणाली आणि पदरानं नाक झाकून आत गेली.

म्हणजे कारखाना सुरू झाला. आमच्या गंगाखेडात उसाचा हंगाम कॅलेंडरवर दिसत नाही, नाकाला कळतो. मळीचा तो आंबूस, गुळचट, ओला वास एकदा गावावर उतरला की होळीपर्यंत हलायचं नाव घेत नाही. दोरीवरच्या कपड्यांत शिरतो, चहात शिरतो, नव्या नवरीच्या शालूत शिरतो. पाहुणे आले की तोंड वाकडं करतात आणि आम्ही म्हणतो, कसला वास? आम्हाला तर काही येत नाही! हे धादांत खोटं असतं, पण पाहुण्यांची अशी जिरवण्यात मजा असते.

यंदा मी खरं बोलू शकतो. दारात उभा राहिलो आणि छाती भरून श्वास घेतला. काही नाही. श्वास आत गेला, पण नाकातून गेला नाही. माझा श्वास आता गळ्याच्या खाली केलेल्या एका भोकातून येतो-जातो, आणि त्या भोकाला वास कळत नाही. आवाज जाणार हे डॉक्टरांनी मला नीट बसवून सांगितलं होतं. वासाचंही सांगितलं असेल, माझं लक्ष नसेल. फुंकर मारता येणार नाही, शीळ वाजवता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलंच असणार. चहा आता मी बशीत ओतून त्याच्याकडं बघत बसतो. तो आपल्या सवडीनं गार होतो.

हा लेख लिहितोय त्याचं कारणही तेच. बोलता येत असतं तर मी एक ओळ लिहिली नसती. तुम्हाला फाट्यावरच्या हॉटेलात बसवलं असतं, चहा तुमच्याच पैशानं मागवला असता आणि हे सगळं हातवारे करून, उठून-बसून, सगळ्यांचे आवाज काढून सांगितलं असतं. आता तुम्हाला नुसती अक्षरं मिळणार. गोड मानून घ्या.

मी कोण, ते सांगतो. गेली सत्तावीस वर्षं रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून गंगाखेडात आणि आसपासच्या गावांत जो माणूस ओरडत फिरला, तो मी. साड्यांचा सेल, सर्कशीचा मुक्काम, नळाला पाणी येणार की नाही, कुणाची शेळी हरवली. शेळीच्या जाहिरातीत मी आधी शेळीचा आवाज काढायचो आणि मग मालकाचा, आणि मग दोघांचं भांडण लावायचो. शेळी सापडायची की नाही माहीत नाही, पण पोरं रिक्षामागं पळायची. तहसीलदार, बस कंडक्टर, नवस फेडायला आलेली म्हातारी, कीर्तनकार, सगळे माझ्या घशात राहायला होते. घसा लहान, बिऱ्हाडं फार. त्यात मी वर तंबाखूचा तोबरा ठेवून दिलेला. त्यामुळं पुढं जे झालं त्याबद्दल कुणाला दोष द्यायला मला जागा नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत, असाच कारखाना पेटला होता आणि असेच दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्यानं डुलत चालले होते, तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि एकवीस दिवसांनंतरची तारीख दिली. स्वरयंत्र काढावं लागणार. पूर्ण.

मी विचारलं, "तोवर बोलू नको का? आवाजाला आराम देऊ?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी क्षणभर खिडकीकडं बघितलं आणि म्हणाले, "कशाला? बोलून घ्या."

परतीच्या बसमध्ये मी गप्प बसलो. लग्नानंतर पहिल्यांदाच इतका वेळ गप्प. सुमन घाबरली. लोहा गेलं, पालम गेलं, तरी मी गप्पच.

"आवं, बोला की कायतरी," ती म्हणाली.

मी कंडक्टरच्या आवाजात म्हणालो, "गंगाखेड, गंगाखेड उतरणारे पुढं या!" गाडी अजून गंगाखेडपासून लांब होती. दोन माणसं खरंच उठून पुढं गेली. सुमन हसली, आणि हसता हसता पदर तोंडात कोंबून रडली. मी मात्र त्या दोन माणसांना परत बसवण्यात गुंतल्याचं नाटक केलं.

घरी वैशू आलेली होती. वैशू आमची एकुलती एक. पुण्यात कॉम्प्युटरचं शिकली, आणि एका मैत्रिणीबरोबर मिळून एक व्हिडिओ गेम बनवत होती. मला गेम म्हणजे पोरं मान खाली घालून अंगठे बडवतात ते, एवढंच माहीत. तिनं लॅपटॉप पुढं ठेवला. पडद्यावर एक गाव होतं. मी बघतच राहिलो, कारण ते माझं गाव होतं, राणीसावरगावच्या पलीकडचं, चाळीस उंबऱ्यांचं. मी लहानपणच्या ज्या गोष्टी सांगून सांगून तिला झोपवलं होतं, त्या सगळ्या तिनं जाग्या ठेवल्या होत्या.

ते गाव थांबलेलं होतं. दिवाळी होऊन गेलेली, ऊसतोडीला जायचा दिवस, वेशीत ट्रक उभा, आणि नेमक्या त्या घटकेला काळ थिजलेला. किटलीतून पडणारा चहा पेल्याच्या वर लटकलेला. कोंबडी भिंतीवरून उडालेली ती हवेतच. ट्रकवर चढवायची खाट दोघांच्या हातांत, अर्ध्यावर. कुत्र्याची जांभई तशीच उघडी. एक म्हातारा तर शिंक यायच्या आधीच्या तोंडावर अडकलेला, डोळे मिटलेले, नाक वर. आणि या सगळ्यांतून एकच पोरगी चालू शकते, परकर सावरत, ती म्हणजे खेळणारा. ती ज्याला हात लावेल तो माणूस क्षणभर जिवंत होतो, जे बोलणार होता तेवढं बोलतो, आणि परत थिजतो.

"म्हंजे मारामारी न्हाई यात?" मी विचारलं.

"न्हाई, अप्पा."

"मग पळायचं?"

"पळायचं बी न्हाई. फक्त ऐकायचं."

"हा तर माझा संसार झाला," सुमन आतून ओरडली. "सत्तावीस वर्सं मी हाच खेळ खेळायलेय!"

वैशूनं सांगितलं, गावात बेचाळीस माणसं आहेत. एकेचाळीस जणांचं ऐकून झालं की शेवटी पोरगी आपल्या घराशी येते. दारात तिचा बाप उभा असतो, हात कुलपाला. त्याला हात लावला की तो बोलतो, आणि तो बोलला की काळ सुटतो. चहा पेल्यात पडतो, कोंबडी खाली येते, ट्रक सुरू होतो आणि गाव निघून जातं. पोरगी मागं राहते. वाटलं तर बापाला हात लावू नये. मग गाव आहे तिथंच राहतं, सगळी माणसं घरी, पण थिजलेली.

"आवाज कोण देणार?" मी विचारलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. मी पण काय माणूस, विचारायची गोष्ट होती का ती.

जे गाव तिनं केलं होतं, ते मी खरंच पाहिलंय, पण ते गेल्यानंतरचं. आमच्याकडं दरसाल तेच व्हायचं. ट्रक वळणावर दिसेनासा झाला की धूळ खाली बसायची आणि दर दारावर एक कुलूप उरायचं. मी शाळेसाठी मागं, आत्यापाशी. आत्याचा पाय अधू, तिला तोडीला कुणी नेत नसे. कुलपाची आमच्या गावात एक रीत होती. ज्यानं कुलूप लावलं त्यानं ते ओढून बघायचं नाही. दुसऱ्यानं ओढायचं, आणि मागं राहणारं घरात कुणी असेल तर त्यानंच. लावणाऱ्याचं चित्त निघालेलं असतं, त्याच्या हातावर भरवसा नाही, असं आत्या म्हणायची. म्हणून दरवर्षी आमच्या दाराचं कुलूप दादा, म्हणजे माझे वडील, लावायचे आणि मी लोंबकळून ओढायचो. ओढायला सांगताना दादा काय म्हणायचे, कसं म्हणायचे, ते आठवत नाही. कुलपाचा गारवा तेवढा हाताला आठवतो.

मग ते चार महिने. दुपार तर सरता सरायची नाही. आत घरांत दिवाळीचं कॅलेंडर तसंच टांगलेलं, पानं उलटायला कुणी नाही. पार फाल्गुनात माणसं परत येऊन एकदम पानं फाडायची. त्या गल्लीत आम्ही दोघं, आत्या आणि मी. एकदा ती उन्हात पाय पसरून बसली होती, समोर पारूबाईचं दार बंद. मी सहज पारूबाईच्या आवाजात ओरडलो, "कुणी गं माझ्या ओट्यावर पाणी सांडलं?" आत्या दचकली. मग इतकी हसली, इतकी हसली की तिचा पाय दुखायला लागला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "आज किसनाचं दार बोलव."

दार बोलव! त्या हिवाळ्यात मी गावातली सगळी दारं बोलवली. माझ्या सगळ्या कलेचं बालवाडीपासूनचं शिक्षण ते एवढंच. लोक मला विचारायचे, कुठं शिकलात? मी तोंड वर करून सांगायचो, मुंबईला. खरं म्हणजे मी कुलपांपुढं शिकलो. एकच दार बोललं नाही. आमचं. आत्यानं एकदा सांगून बघितलं, "आता आपल्या दादाचं." मी दारापुढं उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. ती म्हणाली, "जाऊ दे." परत तिनं कधी सांगितलं नाही.

तर एकवीस दिवस, बेचाळीस माणसं. तीन गेले तपासण्यांत.

मधल्या खोलीत खाटेवर वाकळा टाकून वैशूनं तंबू केला. पंखा बंद, मी आत, तोंडापुढं मुठीएवढा माइक. सकाळी दोन तास माझा आवाज असायचा. मग पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटावा तसा तो सुटायचा, नुसती घरघर उरायची. म्हणून आधी बारीक आवाज घेतले: लेकरं, मग पोरी, मग बाया. दररोज एक पायरी खाली. सकाळी उठलो की मी अंथरुणातच तपासायचो, आज कोण शिल्लक आहे. सातव्या दिवशी लेकरं गेली. त्यांची एक ओळ राहिली होती, ती राहिलीच. दहाव्या दिवशी बाया चालल्या. पारूबाईचं बोलणं जमलं, पण तिचं हसू काही केल्या येईना. अख्खी सकाळ मी हसत होतो, वाकळेखाली, एकटा, घामाघूम. वैशू बाहेरून म्हणायची, "अजून एकदा, अप्पा." शेवटी हसता हसता मला खोकल्याची उबळ आली, थांबेना. गेममध्ये पारूबाई जी हसते ना, तो माझा खोकला आहे. लोकांना ते हसू फार आवडतं म्हणे.

त्यातच रस्त्यावरचे ट्रॅक्टर. ऐन रंगात आलो की लांबून धाड-धाड गाणं यायचं. वैशू हात वर करायची, आम्ही थांबायचो, ट्रॉल्या जाईपर्यंत थिजून बसायचो, ती, मी, दारात उलथनं घेऊन सुमन. आमचंही गाव व्हायचं क्षणभर. पुढं पुढं मला ते ट्रॅक्टर आवडायला लागले. यावेत, अजून यावेत असं वाटायचं. एकदा मी वाकळेतून हात घालून वायर हळूच उपसली आणि लाइट गेली म्हणून सांगितलं. वैशूनं वर बघितलं. मधल्या खोलीत दिवा चालूच होता. तिनं वायर परत लावली.

तुम्हाला सांगतो, मी भित्रा माणूस आहे. भोंग्यामागं बसल्यावर कुणीही शूर असतो. माझ्या डोक्यात एक खूळ बसलं होतं, की गेम पुरा होईस्तोवर तारीख येणार नाही. बेचाळिसावा राहू दे. तो राहिला तर दवाखान्याचा फोन येईल, मशीन बिघडलंय, डॉक्टर गावाला गेलेत, पुढच्या महिन्यात बघू. म्हणून शिंकेच्या म्हाताऱ्यावर मी दीड दिवस घालवला. नाकातली शिंक, घशातली शिंक, अर्धी शिंक, गोदावरीच्या काठावर थंडीत येते ती शिंक. वैशू हसून हसून लोळली. तिला हसवून मी एक दिवस चोरला, असं मला वाटलं. दिवस कुठं चोरीला जातोय, तो गेलाच.

आणि एकेचाळीस झाले. उरला बाप.

त्याच्यासाठी वैशूनं ओळ लिहिली होती, "पोरी, ऊस सरला की येतो. तोवर गावाकडं ध्यान दे." मी म्हटलं, हे तर डाव्या हाताचं काम! गळा भरून आणला, शेवटचा शब्द जरा कापरा केला. वाकळ बाजूला करून बघितलं. वैशूचा चेहरा कोरा.

"नाटकी वाटायलंय, अप्पा."

"मग मुकादमासारखा रोखठोक करू?"

"न्हाई. कुणासारखा बी नको. तुमच्या आवाजात बोला."

"हा माझाच आहे की!"

"हा तुमी साड्यांच्या सेलला लावता तो हाय."

मी दुसरा काढला. तो मयताची खबर सांगायचा निघाला. तिसरा शाळेच्या हेडमास्तरांचा. चौथा काढल्यावर मला स्वतःलाच कळलं, हा मी कीर्तनकाराकडून उचललेला. मी एकेक आवाज उचलून बाजूला ठेवत होतो, खाली माझा असेल म्हणून, आणि खाली अजून एक कुणीतरी निघत होतं. तीन दिवस. वय वर्षं चोपन्न, जाहिराती लाखभर, आणि स्वतःचा म्हणून आवाज सापडेना. जायचाय तो नक्की कोण, हेच माहीत नाही आणि निरोप कुणाला द्यायचा?

चौथ्या दिवशी मी चुलीपाशी जाऊन बसलो. "सुमे, माझा आवाज कसा हाय?"

ती भाकरी थापत होती. "मला काय विचारता? बघायला आलता तवा तहसीलदाराच्या आवाजात बोललात. माझ्या बापाला वाटलं पोरगा सरकारी नोकरीत हाय."

"मस्करी नको. घरात बोलतो तो कसा?"

तिनं हात थांबवला. विचार केला. "चिडल्यावर न्हाई तो. हसल्यावर बी न्हाई. भाजी आणायची इसरून घरी येता आन दारात उभं राहून पिशवी झटकता ना, तवा जे बोलता तो."

आता ते कसं काढायचं? मी वाकळेत रिकामी पिशवी घेऊन बसलो. झटकली. म्हणालो. वैशू म्हणाली, "पिशवी छान वाजली."

निघायचा दिवस आला. सकाळची रेल्वे होती. रिक्षा दारात आली, माझीच, पण मित्र चालवत होता आणि टपावरचा भोंगा काढलेला. भोंग्याशिवाय ती मला बोडकी दिसली. सुमननं दोन पिशव्या भरल्या, डबा, सतरंजी, देवाचा अंगारा. वैशूच्या गळ्यात रेकॉर्डर लटकत होता. "वाटंत जमलं तर बघू," ती म्हणाली, पण आशेनं नाही. दिवे बंद केले, गॅस बंद केला, कुलूप लावलं, निघालो. फलाटावर मी दोनदा प्रयत्न केला, एकदा तर खरंच रडत. गाडी आली आणि सगळं धुऊन नेलं.

दवाखान्यात मी मनात ठरवून ठेवलं होतं, आपलं शेवटचं वाक्य झकास असलं पाहिजे. सुमनसाठी एक, वैशूसाठी एक. तालीमही केली होती. पण स्ट्रेचर हलल्यावर दोघी एकदम पुढं आल्या, एकदम मागं राहिल्या, आणि आत त्या भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, "काका, पूर्ण नाव सांगा." मी घाबरलो. आणि घाबरल्यावर माझं जे होतं ते झालं. मी नाव सांगितलं तहसीलदाराच्या आवाजात. बाई हसल्या. माझ्या घशातून या जगात गेलेला शेवटचा आवाज माझ्या ओळखीच्या एका बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचा होता.

नंतर पाटी आली. शाळेत असते तशी, पेन्सिलीची. मी पहिल्यांदा लिहिलं, "शेवटचा?" वैशूनं वाचलं, माझ्या हातावर हात ठेवला. "बघू, अप्पा," म्हणाली. या घरात "बघू"चा अर्थ मला माहीत आहे. पोरीनं सायकल मागितली की मी म्हणायचो, बघू.

हे वर्ष तसंच गेलं. घशाला लावून बोलायचं एक यंत्र दिलंय, ते टेबलाच्या खणात आहे. त्यातून मी सुमनला हाक मारली तर ती दचकते, आणि मी शेळी झालो काय, तहसीलदार झालो काय, सगळं एकच ऐकू येतं, डब्यात भुंगा कोंडल्यासारखं. रिक्षा मित्राला दिली. तो मोबाइलमधून जाहिरात वाजवत फिरतो, एकच वाक्य, दिवसभर. मी ओट्यावर बसून बघतो. ओळखीचे लोक समोरून येतात आणि माझ्याशी मोठ्यानं बोलतात, जसं काही माझे कानच गेलेत. मग तेही थांबतात. दोघं उभे, शब्द दोघांच्या मधे लटकलेला. गावभर मी एकटा थिजलेला आणि बाकी सगळे हलतायत. वैशूनं खेळ उलटा केला होता, एवढंच.

गेम दिवाळीच्या आधी निघाला. सणाला ती आली तेव्हा जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेली. "मन झालं की खेळा." महिनाभर मी त्यावर टॉवेल टाकून ठेवला होता. आतलं सगळं मला पाठ. आणि शेवटच्या दारात बाप मुका उभा असणार, ओठ हलणार आणि आवाज नाही, हे बघायची माझी छाती नव्हती.

पण आज दुपारी सुमन वास सुटला म्हणाली, आणि तो वास मला आला नाही, आणि मी टॉवेल काढला.

परकर सावरत ती पोरगी निघाली. मी एकेकाला हात लावत गेलो. लेकरं किलबिलली, माझ्या सातव्या दिवसाच्या आतली. खाट धरलेले दोघं एकमेकांवर खेकसले. पारूबाई हसली, खोकली म्हणा. म्हातारा शिंकला आणि माझे खांदे हसून हलले, तेवढंच हसणं आता मला येतं. एकेचाळीस माणसं, सगळी मी, आणि एकही मी नाही. मग ती गल्ली आली आणि ते दार. दारात बाप पाठमोरा, हात कुलपाला. अंगावर पांढरा सदरा, जरा वाकलेला, जसे दादा वाकायचे.

हात लावला नाही तर सगळे घरीच राहतात. पेल्यावरचा चहा कधी सांडत नाही. खरं सांगतो, मी लॅपटॉप मिटायला हात उचललाही होता. पण ती पोरगी वाट बघत उभी होती, परकर मुठीत धरून. मी हात लावला.

"कुलूप बसलं का गं नीट? बघ बरं ओढून."

कोण बोललं हे?

मी एकेचाळीस जणांत शोधलं. किसना नाही, मुकादम नाही. घोगरा, थकलेला, घाईत असलेला, कसलाही साज नसलेला साधा आवाज. मला वाटलं, दादा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी बंद दारापुढं मी तोंड उघडून उभा होतो आणि आला नव्हता, तो आवाज. हा मी कधी काढला? कुठल्या दिवशी? मी काढलेला मला आठवत कसा नाही?

तेवढ्यात आतून सुमन ओरडली. रोज ओरडते तशी, हातातलं काम न सोडता.

"बसलंय वो! वैशीनं ओढलंय की, चला तुमी!"

आणि मग आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

निघायच्या सकाळी, रिक्षा दारात, पिशव्या हातात, वैशूच्या गळ्यात चालू रेकॉर्डर. मला तेव्हा कुणाचाही आवाज काढायला सवड नव्हती.

पडद्यावर चहा पेल्यात पडला. कोंबडी फडफडत खाली आली. ट्रकनं आवाज केला आणि बाप, खाट, पारूबाई, शिंकेचा म्हातारा, सगळे वळणावरून निघून गेले. धूळ बसली. पोरीनं पुढं होऊन कुलूप ओढलं. ते पक्कं होतं.

सुमन दारात आली. कोपरापर्यंत पीठ. माझ्याकडं बघितलं, लॅपटॉपकडं बघितलं, परत माझ्याकडं.

"परत लावा," ती म्हणाली.

मी पाटी ओढली आणि लिहिलं, "तसं येत नाही. आधी एकेचाळीस जणांचं ऐकावं लागतं."

तिनं वाचलं. तव्यावरून जळका धूर यायला लागला होता. मला वास आला नाही, पण धूर दिसत होता. तिनं एकदा मागं वळून बघितलं आणि पिठाच्या हातांनीच माझ्या शेजारी बसली.

"लावा," ती म्हणाली. "ऐकते."